पाकळीची साक्षांकित प्रत

सकाळी चहा उकळायच्या बेतात असताना शेगडी विझली. वाऱ्याने विझली असेल असं समजून मी काडी ओढली, मग दुसरी, मग तिसरी. सिलिंडर संपलाय हे पहिल्याच काडीला कळलं होतं, पण कळणं आणि मान्य करणं यांच्यामध्ये माझ्या साधारण तीन काड्या जातात. तिसरी बोटापर्यंत जळत आली तरी मी शेगडीकडे बघत होतो, ते निळं काहीतरी परत येईल म्हणून. दहा सेकंद असेन उभा. मग कोमट चहा तसाच प्यायलो, काडेपेटी शर्टाच्या खिशात टाकली आणि निघालो. ती खिशात का टाकली हे मला आजही सांगता येणार नाही. मी सिगारेट ओढत नाही, देवाला उदबत्ती लावत नाही, ऑफिसात आग लावावी असा विचार महिन्यातून एकदाच येतो आणि तोही शनिवारी. पणजीत मळा भागातल्या माझ्या खोलीपासून ऑफिस चालत बारा मिनिटांवर आहे. बाराही मिनिटं काड्या पावलागणिक खुळखुळत होत्या आणि मला उगाचच वाटत राहिलं, की कोणीतरी माझ्या मागून, माझ्याच चालीने येतंय.

टेबलावर बिस्किटांचा जुना डबा ठेवलेला होता. आत पितळी शिक्का, लाखेची तांबडी कांडी, सुतळीचा गुंडा आणि हातभर मांजरपाट. संजना मॅडम म्हणाल्या, धारगळच्या बाजूला जायचंय, ती पेजेची फाइल आहे ना, त्यातली चूल सील करून यायचीय. निरीक्षक निवडणुकीच्या कामावर होते. कुठल्या निवडणुकीच्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गोव्यात कुठे ना कुठे निवडणूक असतेच. मी म्हणालो, मॅडम, मी कारकून आहे. त्या म्हणाल्या, सील लावायला कारकूनच लागतो सिद्धेश, इंजिनिअर लागतो तो सील काढायला. मॅडम कधी विनोद करतात ते त्यांनाही कळत नाही. बाजूच्या टेबलावरची गौरवी खाली मान घालून लिहीत राहिली. तिला ठाऊक होतं की ही फाइल इथपर्यंत कोणी आणली.

आमच्या खात्यात जमिनीखालून जे जे निघतं त्याची परवानगी मिळते किंवा मिळत नाही. रेती, चिरे, खनिज, सगळ्यांची वेगवेगळी कपाटं आहेत. तेल आणि वायूचंही एक आहे. गोव्यात जमिनीतून तेल निघत नाही, म्हणून त्यात आम्ही जेवणाचे डबे ठेवतो. गेल्या चतुर्थीनंतर त्या कपाटाला पहिला अर्ज आला. अर्जदार पद्मावती, वय बासष्ट, हमरस्त्यालगत पत्र्याची खोपटी, पेज आणि चहाचा धंदा. तिने पाण्यासाठी बोअर मारला. पाणी लागलं नाही, नुसती फुसफुस आली. बोअरच्या गाडीवर भैरू नावाचा चंदगडकडचा माणूस होता. त्याने आत काय आहे ते बघायला वाकून बिडी पेटवली आणि त्याच्या दोन्ही भुवया गेल्या. हे सगळं अर्जात होतं. जोडपत्र 'अ' म्हणून भैरूचा फोटोही होता. आमच्या भूगर्भवाल्याने जाऊन बघून लिहिलं, की जुन्या गाळात कुजलेल्या झाडपाल्याचा वायू आहे, साठा किरकोळ आहे, चार महिने टिकेल किंवा चाळीस वर्षं. पद्मावतीने एवढी वाट बघितली नव्हती. तिने लोखंडी पाइप घातला, झडप बसवून घेतली, भोवती तीन चिरे मांडले आणि वर पेजेचं भांडं चढवलं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण तिला कागद हवा होता. जमिनीखालचा वायू सरकारचा, तो काढायचा तर सरकारचा पट्टा लागतो, असं पंचायतीचे सचिव गोकुळदास यांनी तिला सांगितलं आणि त्यांनीच नमुना भरून दिला. हा नमुना समुद्रात मनोरे उभे करणाऱ्या कंपन्यांसाठी केलेला, एकवीस पानी. गोकुळदासांनी एकही रकाना रिकामा सोडला नाही. मनोऱ्याची उंची: बाजूचा माड, अंदाजे चाळीस हात. हेलिकॉप्टर उतरण्याची सोय: मोपा विमानतळ, जवळच. रोजचं उत्पादन: सकाळी एक पेज, दुपारी एक पेज, भज्यांचे चार घाणे, चहा लागेल तसा. आणि पंचायतीच्या ना-हरकत दाखल्याच्या जागी ठरावाची नक्कल होती. सात पंच, तीन बाजूने, तीन विरुद्ध, सातवा बोटीवर नोकरीला. तेव्हा सरपंचांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला तांबड्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी उजवी पाकळी पडली. सबब ना हरकत. खाली गोकुळदासांची सही, तारीख, शिक्का.

गोकुळदासांनी यात विनोद केला नव्हता. आमच्याकडे नार्व्यालाही घर बांधण्यापासून मुलीचं स्थळ ठरवण्यापर्यंत सगळं पाकळीवर चालतं आणि पाकळी आमदारापेक्षा लवकर उत्तर देते. मी लहानपणी देवळात तासन्‌तास पाकळीकडे बघत बसलोय. ती पडायच्या आधी किंचित हलते, आणि त्या हलण्यात सगळे श्वास धरतात. विनोद केला तो मी. दुपारची वेळ होती, पंखा बंद होता, गौरवी चार दिवस हसली नव्हती. मी कोऱ्या चेहऱ्याने टंकलं: 'सदर उत्खननास ना हरकत दर्शविणाऱ्या पाकळीची साक्षांकित प्रत सात दिवसांत सादर करावी.' गौरवीला दाखवलं. ती हसली, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला तेवढंच हवं होतं. मग फोन आला, मी उठलो, कागद सह्यांच्या गठ्ठ्यात गेला. मॅडम सह्या करताना कागद वाचत नाहीत, कोपऱ्यात कोणाचा शेरा आहे का तेवढं बघतात. कोपरा कोरा होता. तीन दिवसांनी गौरवीनेच विचारलं, ते पत्र फाडलंस ना? पत्र तेव्हा पेडण्याला, पंचायतीत पोचलं होतं.

सहाव्या दिवशी पाकळी आली. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, सुकलेली, आणि पिशवीवर चिठ्ठी: 'मूळ पाहिले, खरे आहे', खाली शाळेच्या मुख्याध्यापकांची सही. मॅडमनी पिशवी उघडली, उलटी केली. पाकळी टेबलावर पडली, त्यांच्या डाव्या हाताला. बघणारा मी एकटाच होतो, म्हणजे हा कौल मलाच होता असं म्हणायला हरकत नाही. मॅडमनी ती फुंकरीने उडवली आणि पहिल्यांदाच पत्र नीट वाचलं. 'सदर उत्खनन' या दोन शब्दांखाली त्यांनी रेघ मारली. म्हणजे उत्खनन चालू आहे आणि पंचायतीला मान्य आहे, त्या म्हणाल्या, मग विनापरवाना कसं चालू ठेवायचं? मी ते दोन शब्द टंकले नसते तर अर्ज डब्यांच्या कपाटात चाळीस वर्षं झोपला असता, वायू संपेपर्यंत, किंवा आम्ही. संध्याकाळी केर काढणाऱ्या शेवंतीने पाकळी केरात भरली. मी बघत होतो. उचलेन उचलेन म्हणत बघत होतो.

खात्याच्या जीपचा ड्रायव्हर संतोष गाडी चालवताना बोलत नाही, पण खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पाटीचं पहिलं अक्षर मोठ्याने वाचतो. पर्वरी, म्हापसा, कोलवाळचा पूल, प, म्ह, को. डबा मांडीवर, काडेपेटी छातीवर. माझ्या डोक्यात बाबांचा ट्रक सुरू झाला होता. तो असाच सुरू होतो, न विचारता. बाबा, म्हणजे सगुण, डिचोलीच्या खाणींवरून खनिज जेटीपर्यंत वाहायचे. खाणी बंद झाल्या त्या वर्षी मी सातवीत होतो. बाबा वजनकाट्याच्या रांगेत उभे होते, पुढे चाळीस ट्रक, मागे साठ. एक माणूस आला आणि प्रत्येक काचेवर डिंकाने कागद चिकटवत गेला. बाबांनी कागद आतूनच उलटा वाचला, मग उतरून बाहेरून सुलटा वाचला. दोन्ही बाजूंनी तो बंदच म्हणत होता. गंमत अशी, की ट्रक भरलेला होता. पुढे नेता येईना, कारण वाहतूक बंद; ओतून रिकामा करता येईना, कारण ओतायलाही परवानगी लागत होती. चार महिने तो दहा टन खनिजासकट आमच्या अंगणात उभा राहिला. आईने वाळवणाची दोरी त्याच्या आरशाला बांधली. परवानगी आली तोवर एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, ते बसलेच. अजूनही बाबा रोज सकाळी सात वाजता ट्रक सुरू करतात, दहा मिनिटं, जागच्या जागी. कुठे जायचं नसतं. धूर घरात येतो, आई खिडकी लावते, बाबा स्टेअरिंगवर हात ठेवून समोरच्या फणसाकडे बघत बसतात. तेव्हा मी एकदाच विचारलं होतं, हा कागद लिहितं कोण? बाबा म्हणाले, आसतलो कोण तरी, टेबलार बसलेलो. मला तो माणूस खूप वर्षं दिसायचा. कधी मिशीवाला, कधी चष्मेवाला, कधी नुसताच हात. त्याला बाजूच्या टेबलावरच्या कोणाला तरी हसवायचं असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"धा," संतोष म्हणाला आणि गाडी थांबवली.

खोपटी रस्त्यापासून वीस पावलांवर होती. बाकांवर आठ-दहा माणसं जेवत होती, मोप्याच्या बाजूला बांधकामावर असणारी, कोल्हापूर-बेळगावकडची. पत्र्याच्या पुढे, उघड्यावर, तीन चिऱ्यांच्या मधोमध ज्योत होती. दिवसाउजेडी ती जवळजवळ दिसतच नाही. भांड्याच्या बुडाशी हवा थरथरते आणि कडेला जरासं निळं. फुरफुर असा बारीक आवाज. मला सकाळचे दहा सेकंद आठवले. जे माझ्याकडे परत आलं नाही ते इथे होतं, कोणी न बोलावता जमिनीतून वर येत होतं आणि कांदाभजी तळत होतं. पद्मावतीने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. झारा खाली ठेवला नाही.

"खंयचो रे तू?"

नार्व्याचो, मी म्हटलं. ती म्हणाली, मग पेज खातंस मरे, बस. मी म्हटलं, मावशे, आधी काम. मी तिला आदेश वाचून दाखवला. दीड पान होतं, मधे दोन ट्रक गेले तेव्हा थांबलो. बाकांवरची माणसं जेवायची थांबली नाहीत, पण चावण्याचा आवाज बंद झाला. तिने सगळं ऐकून घेतलं, एक घाणा काढला, दुसरा टाकला. तिचं पठारावरचं घर आणि काजूची बाग विमानतळात गेली होती. चाळीस वर्षं तिनेच राखलेली बाग, कागदावर कोणी दुसराच. ती आवाज न चढवता बोलली, जणू मला भज्यांचं सांगतेय.

"मोप्यार कागद नव्हतो, म्हणान बाग गेली. म्हणान हंय आधी कागद करूक घेतलंय. आता कागद करूक घेतलंय म्हणान चूल जाता. तर कागद करूचो काय नाय करूचो, ता तू सांग. तू शिकलेलो."

याचं उत्तर खात्याकडेही नसणार, पण ते तसं लेखी देणार नाहीत. मी पत्रा आणि जाळ यांतलं अंतर हाताने मोजलं, कारण मोजताना बोलावं लागत नाही. साडेचार हात. हे खरंच कमी होतं. मी पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. तिच्या बाजूने सगळंच बरोबर असतं तर सोपं गेलं असतं. भैरू हात धुऊन पुढे आला. तो आता बांधकामावर होता. त्याची एक भुवई परत आली होती, दुसरी अजून विचारात होती, त्यामुळे तो सतत अर्ध्या गोष्टीचं नवल करत असल्यासारखा दिसे. पत्रा चार हात मागे घ्या, मी म्हटलं. तो म्हणाला, रविवारी घेतो की साहेब, आम्ही चौघं हाय. मग पद्मावतीने अचानक विचारलं, "ती पाकळी परत दितात? देवाची ती. काम झाला की व्हाळात सोडूक व्हयी."

फाइलीत आहे, मी म्हटलं.

"पुडी उघडताना पडली-बिडली नाय मा खंय?"

"नाय."

तिने मान डोलावली. इतका कोरा चेहरा मी आयुष्यात ठेवला नव्हता, आणि आजवर विनोदासाठी म्हणून किती तरी ठेवलेत.

मग सील. नियम असा, की झडप बंद करायची, तिच्यावर मांजरपाट गुंडाळायचं, सुतळीची गाठ मारायची, गाठीवर वितळलेली लाख ओतायची आणि ती गार व्हायच्या आत शिक्का दाबायचा. नियम लिहिणाऱ्याने, लाख वितळवायला जाळ लागतो आणि बंद करायचा तोही जाळच, याचा विचार केलेला नव्हता. मी लाख आधी वितळवून घ्यायचं ठरवलं. पद्मावतीने कढई उतरवली, मला वाटी दिली, मीच ती धरून वितळवली. मग झडपेला हात घातला. झडप तापलेली आणि गंजलेली, संतोषने रुमाल गुंडाळून फिरवली. फुरफुर बारीक होत गेली आणि थांबली. कापड, सुतळी, गाठ. तोवर वाटीत लाखेचं तांबडं बटण झालं होतं. मी ते गाठीवर ठेवून शिक्का दाबला. शिक्का बटणावर घसरला, बटण पडून बाकाखाली गेलं, आणि एका माणसाने जेवता जेवता ते पायाने सरकवून मला परत दिलं.

आता चूल बंद होती आणि सील लागलं नव्हतं. कोणाकडे काडेपेटी आहे का, मी विचारलं. माणसांनी एकमेकांकडे बघितलं. भैरूच्या कानामागे बिडी होती.

"लायटर न्हाई साहेब," तो म्हणाला. "मी सोडली की बिडी."

कधी, मी विचारलं.

"आत्ताच."

बाकीच्यांनीही सोडली होती. दहा माणसं, धुराने पिवळ्या झालेल्या वीस बोटांची, आणि एकाकडेही काडी नव्हती. पद्मावतीला विचारलं, तर ती म्हणाली, हिका चार महिने विझवलंयच नाय, माचिस कित्याक ठेवू? जीपमधल्या लायटरच्या भोकात संतोषचा मोबाइल चार्जर कायमचा बसलेला, निघेना. मी त्याला समोरच्या दुकानात पाठवलं. तो सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. माचिस ना म्हणता, तो म्हणाला. दुकान सरपंचांच्या भावाचं होतं, आणि इथूनही दिसत होतं की दाराशी लायटरची माळ टांगलेली आहे, लाल, हिरवे, निळे. संतोषने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने एका बाटलीची गोळी दाबली आणि बाटली मला दिली.

ती घ्यायला मी पुढे वाकलो आणि खिसा वाजला.

बारीक आवाज होता, तोवर विसरलेल्या काड्यांचा. रस्त्यावरून तेव्हा नेमकं काहीही जात नव्हतं. मी तसाच वाकलेला राहिलो. सरळ झालो असतो तर पुन्हा वाजला असता. मला दिसलं, की काट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाबांच्या ट्रकपाशी तो माणूस पोचलाय, डिंकाचा ब्रश हातात, काच आणि कागद यांच्यामध्ये एक वीत, आणि त्याचा हात थांबलाय. खरं तर तो थांबला नव्हता. थांबू शकतो हे त्याला बहुतेक कोणी सांगितलं नव्हतं, किंवा त्याच्या खिशातलं काही वाजलं नव्हतं. भैरूची भुवई वर गेली, असलेली. पद्मावती माझ्या खिशाकडे बघत होती, देवळात माणसं पाकळीकडे बघतात तशी.

"खिशात काय रे तुज्या?" ती म्हणाली.

"गुळयो," मी म्हटलं. "पित्ताच्यो."

तिने टोपातली पेज वाटीत काढली, वर तोराची, म्हणजे खारवलेल्या कैरीची, एक फोड ठेवली आणि वाटी माझ्या दोन्ही हातांत दिली. दोन्ही हात गुंतल्यावर माणसाला खिशात हात घालता येत नाही.

"मगे खाली पोटी घेव नको," ती म्हणाली.

पेज अजून गरम होती. मी सावकाश खाल्ली. मग पंचनामा लिहिला. झडप बंद स्थितीत. कापड व सुतळी बांधली. लाख वितळवण्यासाठी जागेवर जाळ उपलब्ध न झाल्याने शिक्का उमटवता आला नाही. पत्रा मागे घेण्याची सूचना दिली. पंच म्हणून भैरूने सही केली. पुढच्या वेळी येईल तो निरीक्षक असेल, तो सिगारेट ओढणारा आहे, हे मला ठाऊक होतं. पण ती निवडणूक संपल्यावरची गोष्ट. जीप वळली तेव्हा आरशात दिसलं, की भैरूच्या कानामागे बिडी नाही, आणि तो चुलीपाशी वाकलाय, या वेळी तोंड बरंच लांब ठेवून.

पावणेपाचला ऑफिसात पोचलो. मॅडमनी अहवालाचा कोपरा बघितला, सही केली. गौरवीने कागद नोंदीला घेतला, वाचला आणि हसायला लागली, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जाळ उपलब्ध न झाल्याने, ती म्हणाली, सिद्धेश, हे फाड, आत्ताच्या आत्ता फाड. मी म्हटलं, यात विनोद नाही, सगळं खरं आहे. आणि खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली.

तिने काडेपेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू हळूहळू ओसरलं. मग ती उठली, काडेपेटी उचलली, तेल आणि वायूचं कपाट उघडलं, कागद फाइलीत घालून फाइल तळाशी ठेवली, काडेपेटी तिच्यावर, त्यावर आपला जेवणाचा डबा, आणि कपाट लावून घेतलं.